एकसष्ट सेंट

जानेवारीत मीच लिहून दिलं होतं:
एक डबा, एकसष्ट सेंट.
आता ऑक्टोबर, आणि डबा चौऱ्याहत्तरला पडतोय.
सेन्योर आनाक्लेतो टेबलापलीकडून विचारतात,
'तेरा सेंट गेले कुठे, ग्रासिएत?'
जणू मी पर्स उघडून दाखवणार आहे.

मासळीचा भाव ठरल्याहून खालीच.
पगार करारातलेच.
कागदावर सगळे साव.
म्हणून पांढरी टोपी चढवली, रबरी बूट घातले
आणि खाली उतरले.
पेनिशच्या या कारखान्यात नऊ वर्षं काढून
बहुधा चौथ्यांदा.

यंदा सार्डिन बारीक आलं.
स्वस्त मिळालं म्हणून आम्ही वरचे खूश होतो.
खाली एका डब्यात चारांच्या जागी सहा बसतात.
सहा मुंडकी छाटायची, सहा पोटं साफ करायची,
सुरी तीच, मनगट तेच.
खरेदीच्या रकान्यात जे वाचलं
ते मजुरीच्या रकान्यातून वाहून गेलं,
आणि हे दोन रकाने एकमेकांशी बोलत नाहीत,
बांधावरून भांडलेल्या भावांसारखे.

पुढे तेलाच्या नळांशी पाय घसरला माझा.
तिसऱ्या नळाचं वायसर झिजलंय.
डबा पुढे सरकतो आणि त्याच्या मागे
एक थेंब पडतो, कुणाच्याच नावावर नसलेला.
'कधीपासून?'
'सेंट पीटरच्या सणापासून,' फिलोमेना म्हणाली.
'सांगितलं होतं.'
कुणाला, ते तिने सांगितलं नाही,
नुसतं छताकडे पाहिलं.
छतावर माझी खोली आहे.
थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात,
ते इथे साचलेलं होतं, भुशाखाली,
ऑलिव्हच्या तेलाचं.

बॉयलरला डबे मोजता येत नाहीत.
होड्या रिकाम्या परतल्या तरी
पहाटे पाचला तो तेवढाच गॅस पितो.
भाडं, रात्रीचा पहारेकरी, शीतघराची घरघर:
दहा हजार डब्यांनी उचलायचं ओझं
सहा हजारांच्या पाठीवर येतं.
त्या ओझ्यात माझाही पगार आहे,
हे मी कुठल्याच अहवालात लिहिलं नव्हतं.

जिन्यात उभं राहून बेरीज केली.
नऊ सापडले. फार तर दहा.
उरलेल्यांचा ताळा लागेना.

साडेतीनला देओलिंदाच्या टेबलापाशी थांबले.
बोटांना चिकटपट्ट्या, डाव्या खांद्यातून
मधूनच एक झटका.
मिनिटाला चार डबे.
माझ्या तक्त्यात सात आहेत.

सात कुठून आले, ते तेव्हा आठवलं.
त्याआधीच्या सप्टेंबरात घड्याळ घेऊन
मी इथेच उभी होते, सकाळी साडेनऊला.
मासळी जाडजूड, सुऱ्या नुकत्या परजलेल्या.
वरून कुणीतरी बघायला आलंय म्हणून
ती ओठ दाबून, जीव तोडून भरत होती,
मला वाटलं, हा हिचा वेग.
मी सात लिहिले, आभार मानले,
आणि कॉफी गार व्हायच्या आत वर गेले.
त्या दिवशी साडेतीनला
इथे कोण आलं होतं?

म्हणजे सगळेच तेरा काही हरवले नव्हते.
त्यातले काही कधी नव्हतेच,
मी ते एका चांगल्या सकाळकडून
वर्षभरासाठी उसने घेतले होते,
तिला न विचारता.

आनाक्लेतोंना हे कसं सांगायचं?
फॉर्मवर 'कारण' या शब्दापुढे
दीड इंच जागा आहे.
वायसर मावेल त्यात. बारीक मासळीही, दाटीवाटीने.

मी खिशातून घड्याळ काढलं,
या वेळी नीट मोजावं म्हणून.
देओलिंदाने मान वर न करता म्हटलं,
'ते ठेव आधी. हा ट्रे धर.'

ट्रे जड होता.
किती वेळ धरला, त्याची नोंद नाही.